साट्यातल्या दोघी

म्हशीने मागचा पाय झाडला आणि दुधाची बादली लवंडता लवंडता राहिली. दक्षाने बाची, आपल्या आईची, ओढणी डोक्यावरून आणखी पुढे ओढली, म्हशीच्या मांडीला कपाळ टेकवलं आणि बा करायची तसा घशातल्या घशात आवाज काढला. म्हैस थांबली, मान वळवून ओढणीचा वास घेत राहिली. बा गेल्यापासून तिने दक्षाच्या भावाला, जेसंगला, लाथाडलं होतं, त्याच्या बायकोला, जोशनाला, शिंगावर घेतलं होतं. या ओढणीला तेवढी ती फसायची. किंवा फसल्यासारखं करायची. पान्हा सुटला.

आज बाचं बारमं, बाराव्या दिवसाचं. अंगणात खाटा मांडल्या होत्या, पांढऱ्या फेट्यांतले पुरुष बशीतून चहा ओढत बसले होते. चुलीवर लापशी होती, पण दक्षाला तिकडे हात लावायचा नव्हता. पहाटे तिचा चेहरा बघूनच मोंघीफोईने, तिच्या आत्याने, ओळखलं होतं.

"बाहेरची झालीस? आजचाच मुहूर्त सापडला?" फोई म्हणाली होती. "जा, गोठ्यात बस. म्हशींना शिवाशिव कळत नाही. सुखी आहेत."

ओटीपोटात कोणीतरी नखं रोवून आतून भिंत खरवडत होतं. एक कळ कमरेतून मांडीत उतरली, तशी दक्षाने ओढणीचा पदर दातांत धरला. म्हशीच्या सडावरचा हात मात्र तिने थांबू दिला नाही. वर्षभरात एक महिना सोडला तर ही कळ आली नव्हती. बा गेल्याचा निरोप आला तेव्हा ती अंगावरच्या कपड्यांनिशी जीपमध्ये बसली, आणि गोळ्या सासरी पेटीत राहिल्या.

त्या गोळ्या बानेच मिळवून दिल्या होत्या. माहेरपणाचं निमित्त काढून बा तिला पालनपूरला घेऊन गेली होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गर्भपिशवीचं चित्र काढलं, मग पिशवीच्या बाहेर पेनाने ठिपके मारले. आतलं अस्तर बाहेर रुजलंय, त्या म्हणाल्या. अंडाशयावर, आतड्यावर. दर महिन्याला अंडाशयातून हार्मोन सुटतं, त्यावर हे पोसतं, फुगतं, रक्तावतं, आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते.

"घरी म्हशी आहेत ना?" त्यांनी विचारलं होतं. "गाभण म्हैस माजावर येते का?"

"नाही येत," बा म्हणाली.

"या गोळीत दुसरं हार्मोन आहे. रोज घेतली की शरीराला वाटतं, आपण गाभण आहोत. मग ते गप्प राहतं. मूल हवं असेल तेव्हा गोळ्या थांबवून वेगळे उपचार करू. पण तेव्हा नवऱ्यालाही तपासावं लागेल."

दक्षाला हसू फुटलं होतं. ज्या पोटाकडे दोन घरं डोळे लावून बसली होती, ते पोट आता स्वतःचीच समजूत घालणार होतं. बा हसली नव्हती. तिची पिशवी पस्तिशीच्या आतच काढून टाकलेली, तरी दुखणं मागे राहिलेलं.

"मुळं बाहेर होती म्हणता," ती हळूच म्हणाली. "मग माझी उगाच काढली?"

डॉक्टरीणबाई त्या कागदाची घडी घालत राहिल्या होत्या. त्यानंतर दर महिन्याला लोणच्याच्या बरणीला गुंडाळलेल्या फडक्यातून गोळ्यांची पाकिटं सासरी पोचायची. मूल नसलेल्या सुनेला आईने लोणचं पाठवलं तर कोण उघडून बघतो?

अंगणात जीप थांबली. दक्षाने आवाजावरूनच ओळखलं. वनराज, तिचा नवरा, आणि त्याचे काका. तिने बादली बाजूला सरकवली. उठून उभी राहते न राहते तोच बाहेरचं बोलणं तुटलं, आणि वनराजचा आवाज आला.

"बारम्याला घालायची पांढरी कापडं शोधत होतो. पेटीत हे सापडलं. बघा, सासरेबुवा. औषधवाल्याला दाखवून आलोय. पोर होऊ नये म्हणून खातात या गोळ्या."

काहीतरी हलकं खाटेवर आपटलं.

"चार वर्षं मी नवस करतोय. लोक मला तोंडावर विचारतात, बैल आहेस की खोंड. आणि ही रोज गिळतेय!"

त्याने दक्षाला गोठ्यातून केसांना धरून बाहेर काढलं. ओढणी खुंट्याला अडकून फाटली. पहिली थप्पड इतकी जोरात बसली की तिच्या कानात शिट्टी वाजू लागली, आणि त्या शिट्टीतूनच तिला भाऊ उठताना दिसला.

जेसंगने बाही वर केली. वनराजकडे तो गेला नाही. जावयावर, तेही बारम्याच्या दिवशी, हात कसा टाकणार? तो सरळ चुलीपाशी गेला, लापशी ढवळत असलेल्या जोशनाला दंडाला धरून ओढत आणलं आणि तिच्या थोबाडीत मारली. त्याच गालावर, तेवढ्याच जोराने. जोशनाच्या हातातला डाव भिंतीवर जाऊन आदळला.

खाटेवरच्या एकालाही यात वावगं वाटलं नाही. जेसंगला बायको मिळावी म्हणून दक्षा वनराजला दिली होती, आणि दक्षाच्या बदल्यात वनराजची बहीण जोशना या घरी आली होती. असं हे साटं, एका मांडवात, एका दिवशी. दोघी एकमेकींच्या नणंदा, दोघी एकमेकींच्या भावजया. तिकडे दक्षाला मार बसला की फोन यायचा, आणि इकडे जोशनाने भांडी घासता घासताच पाठ वाकवायची. एक घर सोडून आली तर दुसरीनेही उठायचं, असं ठरलेलं. पोरं मात्र बापाकडेच राहायची. जोशनाला दोन पोरं होती. धाकटा अजून अंगावर पीत होता.

"तू माझ्या बहिणीला मारलंस?" वनराज ओरडला.

"तू कुणाला मारलंस?"

"माझी बहीण इथे पोरं काढतेय! तुझी काय करतेय तिकडे?" त्याने दक्षाच्या पोटात लाथ घातली. जिथे नखं रोवलेली होती तिथेच ती बसली. दक्षा शेणात गुडघ्यांवर कोसळली. तोंडातून आवाज आला नाही, पित्त आलं.

जेसंगने खुंट्याची साखळी उपसली.

"आज सोक्षमोक्ष लावा," वनराजचे काका म्हणाले. माणूस सावकाश बोलणारा होता. "हमीरभाई, तुमची पोरगी तुम्ही ठेवा. आमची आम्ही आत्ता जीपमध्ये घालून नेतो. साटं मोडलं."

दक्षाचे वडील, हमीरबापा, खाली बघत होते. मुंडन केलेल्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. "पोरं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"पोरं तुमची. त्यात काय बोलायचं?"

साखळी जोशनाच्या पाठीवर पडली. ती पहिल्यांदाच ओरडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली, आणि फुटलेल्या ओठांतून म्हणाली,

"त्या गोळ्या माझ्या आहेत."

जेसंग थांबला.

"राखी बांधायला गेले होते माहेरी, तेव्हा भाभीच्या पेटीत ठेवल्या. इथे सापडल्या असत्या म्हणून. मला तिसरं नको होतं." ती वनराजकडे वळली. "तिला काय मारतोस, भाई? मला मार. तुझ्याच घरची चोरी आहे."

वनराजचा हात हवेतच राहिला. काकांनी फेट्याचं टोक हातात घेतलं आणि ते कशाने तरी मळलंय का ते बघू लागले. दोष त्यांच्याच पोरीचा निघाला होता, आणि आत्ताच मोडलेलं साटं आता त्यांच्याच गळ्यात आलं होतं. शब्द मागे घ्यायला जागा हवी होती, आणि ती जागा जोशनाच्या पाठीएवढी होती.

"मग हे नवरा-बायकोचं भांडण झालं," काका अखेर म्हणाले. "दोन पोरं झालीत. बाई कंटाळते. त्यात घरं कशाला मोडायची?"

दक्षा शेणातून उठली. तिने तोंड उघडलं. जोशनाने तिच्याकडे पाहिलं आणि नजरेनेच तिला गप्प केलं, जशी चुलीजवळ गेलेल्या पोराला करायची. दक्षाने तोंड मिटलं. साखळी पुन्हा उठली. यावेळी बदल्यात दक्षाला मारायला कोणाला कारण नव्हतं. लग्नापासून पहिल्यांदाच ती नुसती उभी राहून तो आवाज ऐकत होती. आपण मार खातो तेव्हा हा असा ऐकू येतो, हे तिला माहीत नव्हतं.

शेवटी मोंघीफोई पाण्याचा लोटा घेऊन मधे घुसली आणि तिने तो जेसंगच्या तोंडावर रिकामा केला.

"मेलेल्या आईला पाणी द्यायचं आहे मेल्या, आधी ते दे! जिवंत बायका कुठे पळून चालल्यात?"

कोणीतरी हसलं. जेसंगने ओल्या तोंडाने साखळी टाकली. वनराजने दक्षाकडे न बघता सांगितलं, "सकाळी निघायचंय." कावळ्याला घास ठेवला गेला. मग सगळे जेवायला बसले, आणि लापशी करपल्याचं कोणी बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळच्या धारेला दक्षाबरोबर जोशनाही गोठ्यात आली. पुरुष पाराकडे गेले होते. दक्षाने फाटलेल्या ओढणीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवला आणि जोशनाची चोळी वर सरकवली. कड्यांचे ठसे एकाखाली एक उठले होते.

"कशाला बोललीस?"

"मार बसायचाच होता. हळू गं!" जोशनाने श्वास आत ओढला. "तशी खोटं नाही बोलले मी. राखीला आले तेव्हा तुझ्या पेटीतलं एक पाकीट मी उचललं होतं."

दक्षाचा हात थांबला. त्या महिन्यात गोळ्या कमी पडल्या होत्या. आपणच मोजायला चुकलो असं तिला वाटलं होतं. त्या महिन्यात ती खाटेचा सुंभ चावत होती, आणि झोपमोड होते म्हणून वनराजने तिला चामड्याच्या पट्ट्याने मारलं होतं. नंतर इकडे फोन आलाच असेल. इकडेही पट्टा निघाला असेल.

"तुला माहीत होतं, त्या कसल्या आहेत ते?"

"बाने सांगितलं होतं. दुखणं थांबतं म्हणाली, आणि पोरही राहत नाही. पुढचं तेवढं मी ऐकलं." जोशना जमिनीकडे बघत होती. "तुझा भाऊ जवळ आला की एक घ्यायची मी. जपून जपून घेतल्या."

"तशी नाही घ्यायची, भाभी. रोज घ्यायची असते. एकही दिवस न चुकवता."

"रोज?"

"रोज."

म्हैस रवंथ करत होती. जोशनाने तोंडातलं रक्त गवतावर थुंकलं.

"म्हणून राहिलं होय," ती म्हणाली. "दोन महिने झाले. अजून कुणाला सांगितलं नाही."

दक्षाने फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि पाठीवर ठेवलं. आधीपेक्षा हलक्या हाताने. तिच्या स्वतःच्या पोटातली कळ अजून येत-जात होती. प्रत्येक वेळी ती क्षणभर थांबायची, आणि मग पुन्हा पुसू लागायची. पाण्याचा रंग बदलला तसं तिने ते ओतून दुसरं घेतलं.

"ओठ दाखव," ती म्हणाली. "आतून फाटलाय का?"

"दात हलतोय एक. खालचा."

"किती?"

"थोडासा."

दक्षाने कंदिलाला काडी लावली नाही. उजेड अजून होता. ती जोशनाच्या समोर उकिडवी बसली.

"सकाळी आमची जीप पालनपूरवरूनच जाते," ती म्हणाली. "दातवाला आहे ना, तो डॉक्टरीणबाईंच्या शेजारीच बसतो. एकच जिना. पुरुष वर येत नाहीत, खाली चहाच्या टपरीवर थांबतात. बा आणि मी दाताच्याच निमित्ताने गेलो होतो."

जोशनाने तिच्याकडे पाहिलं.

"थोडासा हलणारा दात बघून तुझा भाऊ काय म्हणणार, ठाऊक आहे ना तुला?" ती म्हणाली. "मीठ लाव म्हणेल."

जोशनाने अंगणाकडे एकदा नजर टाकली. मग दोन बोटं तोंडात घातली, दात चिमटीत धरला, डोळे मिटले, आणि तो पुढे-मागे, पुढे-मागे, जोर लावून हलवू लागली.