दुखायचे थांबले तेव्हा

मुलुंडच्या मागची टेकडी चढताना नंदकिशोर आता दर वीस पावलांवर थांबत असे. पौषातले ऊन वाळल्या गवतावर थकून पडले होते. दूर पूर्वेला मिठागरांतले ढीग पांढरे दिसत होते. त्या पांढरेपणाकडे पाहायचे तो टाळत होता.

बरोबर दशरथ होता, त्याच्याच कचेरीतला. गुरुवारी तो कुमाऊँच्या हिमवाटा चढायला निघणार होता; गेल्या हिवाळ्यात नंदकिशोर गेला होता, त्याच मार्गाने. आज नव्या बुटांचा सराव होता. ते त्याने घाटकोपरला घट्ट शिवून घेतले होते, कारण नवे पायताण आधी चावावे आणि मग सैलावत जावे, ही आपल्याकडची रीतच. शिवाय नलिनीने, दशरथच्या बायकोने, लोकरी मोज्यांचे दोन जोड विणले होते. ते तिकडे गेल्यावर एकावर एक घालायचे.

“जाम चावतायत रे,” दशरथ म्हणाला. “पण तीनेक दिवसांत बसतील ना? तुझे बसले होते म्हणायचास.”

नंदकिशोर खडकावर टेकला. बर्फातून निसटलेला धोंडा पायावर आला आणि बोटे गेली, असे तो वर्षभर सर्वांना सांगत आला होता. धोंड्याला लोक मान देत. मूर्खपणाला कोण देणार? आज बोलले, की उद्या कचेरीभर होणार. न बोलले, तर दशरथ तसाच जाणार.

त्याला ती वाट आठवली. गुडघाभर बर्फ, उपसून काढावे लागणारे प्रत्येक पाऊल. दोन दिवस दुहेरी मोज्यांत आवळलेले पाय ठणकत राहिले. तिसऱ्या दुपारी ठणका थांबला. बूट बसले एकदाचे, म्हणून तो सुखावला, आणि त्या सुखातच अंधारेपर्यंत चालत राहिला.

“धोंडा वगैरे काही नव्हता,” तो म्हणाला. “बूट असेच घट्ट होते. आत दोन-दोन मोजे. रक्तच पोचेना. दुखायचं थांबलं, तेव्हा बोटं मेली होती.”

दशरथला ती थट्टा वाटली. नंदकिशोरने बूट काढला, मोजा उतरवला. उरलेल्या दोन बोटांकडे दशरथ बराच वेळ पाहत राहिला.

“बूट शिवायला टाकले तेव्हा तुलाच विचारलं होतं मी.”

“हो.”

“भारी दोस्त आहेस.”

नंदकिशोरने मान हलवली. स्वतःची बाजू मांडण्याइतके त्राण त्याच्यात नव्हते. हे बूट नेऊ नकोस, वेळेत नवे झाले नाहीत तर कुणाचे जुने, ऐसपैस घे, तेही नाही मिळाले तर जाऊच नकोस, एवढेच त्याने सांगितले.

 बुटांच्या नाड्या सोडून दशरथने ते गळ्यात अडकवले आणि अनवाणीच, खडे चुकवत, उतरू लागला. खालच्या वळणावर तो थांबला. पण मागे वळला नाही.

“माप दोन्ही मोजे घालून द्यायचं ना?”

“दोन्ही,” नंदकिशोर म्हणाला.