गुडघ्यांमधली उशी

मी उशी बोलतेय. हळूच बोलते, कारण बाहेर लख्ख सकाळ असली तरी आमचे बेकरीवाले आत्ताच कुठे झोपलेत. मला फार भीती वाटते हो. म्हणाल, उशीला कसली आलीय भीती? ऐका तर.

माझा जन्म याच घरातला. बेकरीवाल्यांच्या बायकोने मैद्याच्या रिकाम्या पोत्याचं कापड उकळून धुतलं, त्यात ठासून कापूस भरला आणि दाभणाने माझं तोंड शिवून टाकलं.

"अगं, ही उशी आहे की वीट?" बेकरीवाले म्हणाले.

"होईल सवय," ती म्हणाली. आणि झालीच. पुढे तर माझ्याशिवाय त्यांचा डोळा लागेना.

बेकरीवाले रात्रभर भट्टीपाशी. मैद्याची पोती उचला, पीठ मळा, तापलेले ट्रे ओढा. सकाळी घरी येऊन आडवं व्हावं, तर खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर. मग काय, पालथं पडायचं आणि तोंड माझ्यात खुपसायचं. मान एकीकडे मुरगाळलेली, पोट गादीत रुतलेलं, कंबर झोळीसारखी खाली गेलेली. वर्षानुवर्षं हेच. मी आपली खुशीत, की यांना उन्हापासून लपवायला मीच लागते.

मग कंबर धरायला लागली. भिंतीला हात लावल्याशिवाय उठता येईना. बायकोचा भाऊ आला आणि छातीठोकपणे म्हणाला, "दाजी, सगळा दोष गादीचा. फळीवर झोपा, कंबर सुतासारखी सरळ होते की नाही बघा!"

गादी गेली माळ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी! कारण फळीवरही हे झोपले पालथेच.

एक दिवस उठताना ते नुसतेच बसून राहिले. "अगं," ते म्हणाले, "उजवा पाय कळतच नाहीये मला." बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. पोतं उचलता आलं नाही तर भट्टीवर दुसरा माणूस उभा राहणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दवाखान्यात तपासण्या झाल्या, कमरेत नस दबलीय असं निघालं. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. त्यांनी आधी विचारलं, "झोपता कसे, ते दाखवा." इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं! बेकरीवाल्यांनी पालथं होऊन दाखवलं.

"अरे देवा! दिवसभर कंबर अशी मोडून ठेवता आणि शिव्या गादीला?"

बाईंनी गादी खाली आणवली. त्यांना कुशीवर वळवलं, गुडघे जरा दुमडायला लावले आणि मला त्यांच्या तोंडाखालून ओढून गुडघ्यांमध्ये ठेवलं. डोक्याखाली दुसरीच उशी! डोक्यावरून थेट पायात. मला रडूच आलं. पण जाताना बाई बायकोला हळूच म्हणाल्या, "ही उशी सुटू देऊ नका. आणि पाय पुन्हा बधिर झाला, लघवी अडली, तर माझी वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा." तेव्हापासून माझा मानापमान संपला आणि भीती सुरू झाली.

खिडकीवर आता जाड गोधडी ठोकलीय, खोलीत अंधार आहे. दुखणंही उतरतंय. पण शरीराला कोण समजावणार? पालथ्या घड्यावर पाणी! झोप लागली की बेकरीवाले वळायला लागतात. काल मी निसटून खाली पडले आणि ते झाले पालथे. उठले तेव्हा पायाला पुन्हा मुंग्या आलेल्या. बायको चोळत राहिली, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

म्हणून आज लेकीने तिच्या ओढणीने मला त्यांच्या मांडीला बांधलंय. "बाबा, आता पळवून दाखवा बरं हिला!" असं म्हणत ती हसली. तेही हसले. मग ती आईबरोबर मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली.

आता बेकरीवाले घोरतायत. आणि वळतायत. ओढणी गुळगुळीत आहे हो, गाठ सरकतेय. मी जीव खाऊन धरून ठेवलंय, पण मला हात कुठे आहेत? अंगणातून मायलेकींचं बोलणं ऐकू येतंय. एक हाक मारली तरी धावत येतील त्या.

पण माझं तोंड शिवलेलं आहे. तुम्ही तरी हाक मारा!