दोनदा मोजायचं

शिंप्याच्या टेबलावर तीन कात्र्या, दोन टेप आणि अकरा अर्धवट कपडे होते. चौथी, सगळ्यात मोठी कात्री त्याने दोन आठवड्यांपूर्वीच मेहुण्याला देऊन टाकली होती, कारण स्कॅनमध्ये त्याच्या स्वादुपिंडावर चव्वेचाळीस मिलिमीटरची सूज दिसली होती.

"कॅन्सर असू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "किंवा शरीर आपल्याच अवयवावर उलटलं असेल. दिसायला दोन्ही सारखेच. सुईच्या तपासणीत कॅन्सर सापडला नाही, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. दोन आठवडे स्टेरॉइड घ्या. सूज उतरली, तर तो कॅन्सर नसावा."

स्टेरॉइडने त्याच्या पोटात कावळे ओरडू लागले. बायको स्वयंपाकघराला कुलूप घालायच्या बेतात आली.

"अहो, मरणारा माणूस तिघांचं जेवण एकटा संपवतो का?"

"भूक गोळीची आहे. मापाशिवाय मी काही मानत नाही."

दुसऱ्या स्कॅनला मेहुणाही सोबत आला.

"कात्री आणलीस का रे?" शिंप्याने विचारलं.

"दाजी, घाई कशाला? आधी निकाल तर येऊ दे. मी धारही लावून घेतलीय."

बायकोने भावाकडे असं पाहिलं की तो खुर्चीसकट मागे सरकला.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर सुजेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली आणि आकडा वाचण्यासाठी तोंड उघडलं.

"थांबा," शिंपी म्हणाला. "आमच्यात दोनदा मोजल्याशिवाय कापत नाहीत. परत मोजा."

त्यांनी परत मोजलं. पहिल्यांदा तेवीस मिलिमीटर, दुसऱ्यांदाही तेवीस.