आर्व्हिडची दुसरी तक्रार

नव्या गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, गॅलनला तीस मैल. त्या कागदावर विश्वास ठेवणारी माणसं पुढे माझ्याकडे येतात. न ठेवणारी येतच नाहीत, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त दुखावलेली येतात.

ऑस्टविक गावातल्या गाड्यांच्या दुकानात सर्व्हिसच्या काउंटरवर मी एकवीस वर्षं बसते आहे. माझी उत्तरं पाठ झाली आहेत. कंपनी गाडी बंद खोलीत, जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर पळवते. तिथे उणे वीसची थंडी नसते आणि वायव्येचा वारा नसतो. हिवाळ्यातलं पेट्रोल हलकं असतं. टायरमधली हवा उतरते. तुम्ही सकाळी इंजिन पंधरा मिनिटं नुसतं सुरू ठेवता, तेव्हा गाडी एक इंच न हलता पेट्रोल पिते. हे सगळं खरं आहे. तरी ऐकणारा माझ्याकडे असा बघतो, की मीच रात्री जाऊन त्याची टाकी उपसून आले असेन.

आर्व्हिड स्टेनस्रूड मार्चमधल्या एका मंगळवारी आले. वय त्र्याऐंशी. अंगात कॅनव्हासचा कोट, खिशात बियाणं कंपनीने फुकट वाटलेली छोटी वही. तीस वर्षं त्यांनी धान्याच्या कोठारावर ट्रकचा काटा सांभाळला होता. भरलेला ट्रक मोजायचा, रिकामा मोजायचा, वजाबाकी सांगायची. आमच्या अख्ख्या परगण्याचा गहू त्या माणसाच्या शब्दावर विकला गेला आणि कधी कोणी दुसऱ्यांदा मोजायला लावला नाही. माझे वडील सगळ्या जगाला चोर म्हणायचे. फक्त आर्व्हिडना म्हणत नसत.

"लोर्ना, दोन तक्रारी आहेत," ते म्हणाले. "ही गाडी तीस देत नाही. पंचवीस पूर्णांक आठ देते. आणि दुसरं म्हणजे, मैलही जास्त मोजते असं वाटतं."

"मैल जास्त मोजले तर तीस यायला मदतच होईल की!"

"म्हणूनच म्हणतो, दोन्ही बाजूंनी लबाड आहे."

मी हसले आणि कार्डावर पहिली तक्रार लिहून घेतली. दुसरी लिहिली नाही. म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्याच तक्रारी लिहीत बसलं तर कार्ड पुरत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

मग त्यांनी खरं दुखणं सांगितलं. त्यांचा मुलगा कीथ फार्गोला विम्याच्या कचेरीत आहे. नाताळात तो आला, बापाच्या गाडीत बसला, आणि समोरच्या पडद्यावर त्याने आकडा पाहिला, अठ्ठावीस पूर्णांक नऊ. वहीत पंचवीस पूर्णांक आठ. गाडीतला संगणक चुकणार नाही, तेव्हा बापाचा हिशेब चुकतोय, असं त्याने ठरवलं. आणि ज्याचा भागाकार चुकतो त्याने शेतापासून गावापर्यंत तेवीस मैल एकट्याने गाडी चालवू नये. फार्गोला म्हाताऱ्यांसाठी इमारत आहे, खाली जेवणाची खोली आहे, खोली बघून ठेवली आहे, गाडीची किल्ली द्या.

"किल्ली गेली की शेत गेलं," आर्व्हिड म्हणाले. "शेतावर बिनगाडीचा माणूस म्हणजे कुंपणाचा खांब."

कीथ वाईट मुलगा नाही. आई गेल्यापासून तो रोज संध्याकाळी सहाला फोन करतो. पण चांगली मुलंच जास्त हट्टी असतात, कारण त्यांना आपण चांगले आहोत हे माहीत असतं.

मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? टाकी भरू, गाडी चालवू, परत भरू. कीथ कबूल झाला. बाबांचा आकडा बरोबर निघाला तर पुन्हा किल्लीचं नाव काढणार नाही, असा शब्द त्याने फोनवर दिला. चुकला तर खोली. आर्व्हिडनी दोन्ही अटी मान्य केल्या आणि पंच म्हणून मला मागच्या सीटवर बसवायचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही गावातल्या सहकारी पंपावर जमलो. आर्व्हिडनी नळी टाकीत घातली आणि ती दुसऱ्यांदा खट् करेपर्यंत भरलं. त्यांची पद्धत ठरलेली होती. तोच पंप, तीच नळी, गाडीचं तोंड त्याच दिशेला, दुसरा खटका. मग त्यांनी प्रवासाचा मीटर शून्यावर आणला, वहीत तारीख लिहिली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"बाबा, हे सगळं फोनवर होतं हो," कीथ म्हणाला.

"फोनला सांग पेट्रोल भरायला."

क्लारेन एक्कावन्न मैलांवर आहे. रस्ता ओढलेल्या दोरीसारखा सरळ. शेतांच्या कडेला अजून मळकं बर्फ होतं आणि वारा समोरून. आमच्याकडे जमीनच चौकटीत कापलेली आहे. दर मैलाला एक रस्ता काटकोनात आडवा जातो. परगाव्याला आम्ही नेहमी सांगतो, की इथे वाट चुकायची म्हटली तरी जमत नाही. आर्व्हिड ताशी साठने चालले होते. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला ते स्टीअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करत होते, आणि समोरचाही तसाच करत होता.

"मागे तीन गाड्या तुंबल्यात, बाबा."

"त्यांना घाई आहे. जाऊ दे की त्यांना पुढे."

"लोर्ना, तू तरी सांग यांना."

"पंच बोलत नसतो," मी म्हटलं.

महामार्गावर मैलाचे हिरवे फलक आहेत. आर्व्हिडनी निघतानाच पहिला फलक ध्यानात ठेवला होता. दहा मैल झाल्यावर ते मोठ्याने "दहा" म्हणाले आणि मीटरकडे बघितलं. वीसला "वीस" म्हणाले. तिसाव्या मैलाला त्यांनी फलकाकडे बघितलं, मीटरकडे बघितलं, पण बोलले नाहीत. चाळीसलाही नाही. क्लारेनला गाडी वळवली तेव्हा मीटर बरोबर एक्कावन्न दाखवत होता. येताना वारा पाठीशी होता, कीथ मजेत होता, विम्याच्या गिऱ्हाइकांचे किस्से सांगत होता. आर्व्हिड अख्ख्या वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, घाबरले. हरणार असं दिसलं असेल त्यांना.  आणि ही पैज मीच जुळवून दिली होती.

पंपावर परत आलो. तोच पंप, तीच नळी, दुसरा खटका. तीन पूर्णांक चौऱ्याण्णव गॅलन. मैल एकशे दोन. गाडीच्या पडद्यावर अठ्ठावीस पूर्णांक सात.

कीथने फोन काढला. तो आकडे टिपत असतानाच आर्व्हिड नळी टांगता टांगता म्हणाले, "पंचवीस पूर्णांक नऊ. जरासं कमी."

कीथ फोनकडे बघत राहिला. पंचवीस पूर्णांक आठ आठ आठ.

त्याचं कौतुक केलं पाहिजे, कुरकुर केली नाही. "बाबा, तुमचं बरोबर आहे. मशीन थापा मारतंय," तो म्हणाला आणि हसत सुटला. इतकं मोकळं हसताना मी त्याला आमच्या शाळेनंतर पाहिलं नव्हतं. खरं तर त्यालाच हरायचं होतं. बापाचं डोकं शाबूत आहे, याहून चांगली बातमी त्याला कुठून मिळणार होती? दुकानावर आल्या आल्या तो बायकोला फोन करायला नव्या गाड्यांच्या दालनात गेला. काचेतून त्याचे हातवारे दिसत होते.

मी काउंटरवर कॉफी ओतली. चर्चमधल्या बायका शनिवारी दुकानात लिंबाच्या वड्या आणून ठेवतात, त्यातली एक बशीत घालून आर्व्हिडपुढे सरकवली. "जिंकलात," मी म्हटलं. "आता कंपनीला खरमरीत पत्र लिहू."

"कार्ड काढ," ते म्हणाले. "दोन तक्रारी होत्या. बघू."

कार्डावर एकच होती. मी काही तरी सारवासारव करणार होते, पण त्यांनी ओरडा केला नाही. नुसतं म्हणाले, "लिही. मीटर मैल जास्त मोजतो."

मी लिहिलं.

"आता खाली उत्तर लिही. तपासला. फलकांशी ताडून पाहिला, जाताना आणि येताना. मीटर बरोबर आहे."

"अहो आर्व्हिड, हे कशाला लिहायचं? तुमचं काम झालं ना!"

"काट्यावर अर्धा ट्रक उभा करून चालतं का?"

त्यांनी वही काढून माझ्यापुढे उघडली. पेट्रोलचे आकडे लाल पेन्सिलीने होते. त्यांच्या मध्ये काळ्या पेन्सिलीने प्रत्येक फेरी लिहिलेली होती. मंगळवार कॉफी, गुरुवार औषधं आणि टपाल, रविवार चर्च. घरून गाव आणि परत घर. सप्टेंबरात सगळीकडे शेहेचाळीस. शेहेचाळीस, शेहेचाळीस, शेहेचाळीस. नोव्हेंबरात एक अठ्ठेचाळीस. मग पुन्हा शेहेचाळीस. मग पन्नास. जानेवारीत अठ्ठेचाळीस, चोपन्न, शेहेचाळीस, पन्नास. परवाच्या गुरुवारी बासष्ट.

एक वळण चुकलं की एक मैल पुढे आणि एक मैल मागे, असे दोन मैल वाढतात. आमच्या चौकटीच्या रस्त्यांवर घरून निघून घरी आलेल्या माणसाचा आकडा नेहमी समच येतो. हे लहान पोरालाही समजतं. मला ते समजलं तेव्हा माझी कॉफी थंड झाली होती.

"मला वाटायचं गाडी खोटं बोलते," आर्व्हिड म्हणाले. "पेट्रोलात बोलत होती ना, मग मैलातही बोलत असेल. माणूस एकदा लबाड निघाला की आपण त्याचं सगळंच लबाड धरतो."

"ते बासष्ट..."

"एका चौकात उभा राहिलो. चारी बाजूंना सारखंच. बर्फ, रस्ता, बर्फ. बराच वेळ उभा होतो. मग गव्हाचा एक ट्रक आला. ड्रायव्हर ओळखीचा. त्याने बोट उचललं, मीही उचललं. त्याला वाटलं असेल, म्हातारा हवा खातोय. त्याच्या मागेमागे गेलो, तर कोठार दिसलं. तिथून घर येतं मला."

 मला खूप वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणाचा ते सांगता येत नाही. जिंकलेला माणूस गप्प बसला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. मी तर नक्कीच बोलले नसते.

"आणखी कोणाला दाखवलीत ही पानं?"

"काट्याची वही उघडीच असते, लोर्ना. कोणी बघत नाही, एवढंच."

त्यांनी कार्ड जवळ ओढलं, चष्मा लावून दोन्ही तक्रारी आणि दोन्ही उत्तरं वाचली, आणि खाली सही केली. सही पूर्वीसारखीच सरळ होती.

कीथ फोन खिशात घालत आला. "एलन म्हणते, ईस्टरला तुम्हीच आमच्याकडे गाडी घेऊन या, बाबा. तिने केक..."

आर्व्हिडनी किल्ली काउंटरवर ठेवली आणि त्याच्याकडे सरकवली.

"हे काय? मी शब्द दिलाय. मी मागणार नाही."

"तू मागू नकोस. मी देतोय."

"का पण? तुमचं बरोबर निघालं ना!"

"हो, माझं बरोबर निघालं," आर्व्हिड म्हणाले, "आणि गाडीचंही." त्यांनी वही फिरवून त्याच्यापुढे धरली. "काळ्या पेन्सिलीचं वाच. मोठ्याने."

कीथने वाचायला सुरुवात केली. शेहेचाळीस, शेहेचाळीस असं तो भराभर म्हणत गेला, शाळेत पाढे म्हणतात तसं. पुढे त्याचा आवाज हळू झाला. बासष्टला तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी लिंबाच्या वड्यांचं ताट उगीच पुसत होते.

"बाबा," तो म्हणाला. 

"ती खोली," आर्व्हिडनी विचारलं, "तिला खिडकी कुठल्या दिशेला आहे?"

"पश्चिमेला."

"मग शेत त्याच बाजूला येतं. बरं आहे."

मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले. कीथ चालवायला बसला. आर्व्हिड आधी सवयीने डावीकडे, चालकाच्या दाराशी गेले, मग गाडीला वळसा घालून उजवीकडे आले. आत बसल्यावर त्यांनी हात लांबवून मीटर शून्यावर आणला आणि वही मांडीवर घेतली. गाडी रस्त्याला लागताना समोरून पाद्रीबाईंची गाडी आली. कीथ दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून बसला होता. बोट आर्व्हिडनी उचललं, शेजारच्या सीटवरून.

अर्ध्या तासाने काउंटरवरचा फोन वाजला. कीथ होता. 

"लोर्ना, घरी पोचलो. बाबा म्हणतात तुला आकडा कळव. तेवीस."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

मागून आर्व्हिडचा आवाज ऐकू आला, "तिला म्हणावं, कार्डावर लिही."

मी लिहिलं.