दोन लाकडांची हर्ली

मित्रांनो, माझं वय विचाराल तर मला दोन उत्तरं द्यावी लागतात. मुठीपासून कमरेपर्यंत मी सहा वर्षांची आणि कमरेखाली अकरा वर्षांची. हसू नका. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला काही हसू आलं नव्हतं.

मी हर्ली. आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा फार जुना खेळ आहे, त्यातली काठी. बहारीनमधली मराठी माणसं मला बघून "ही हॉकी स्टिक का?" असं विचारतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हॉकीची काठी बिचारी जन्मभर जमिनीकडे बघत चालते. माझं टोक मोठ्या उलथण्यासारखं पसरट असतं. मी चामड्याचा चेंडू जमिनीवर मारते, हवेत मारते, आणि खेळाडू तरबेज असेल तर चेंडू माझ्या टोकावर तोलून तो वाऱ्यासारखा पळतो. थोडी बढाई झाली, पण लाकडालाही अभिमान असतो.

आयर्लंडच्या ओल्या मातीत ॲश नावाचं एक झाड होतं. बुंधा जिथे मुळाकडे वळतो, तिथून मला कापलं. आमच्या टोकाचं वळण कोरून आणत नाहीत, लाकडाच्या रेषाच तशा वळलेल्या असाव्या लागतात. एका म्हाताऱ्या कारागिराने मला रंधा मारला, टोकाला पत्र्याची पट्टी ठोकली. मग नोरीन नावाच्या शिक्षिकेच्या सामानातून मी इथे आले. बुदैयाच्या रस्त्यालगत भाड्याचं एक मैदान आहे. तिथे दर शुक्रवारी दुपारी चार वाजता नोरीन मॅडम मुलींना हर्लिंग शिकवतात.

श्रावस्ती तिथे आली ती बापाबरोबर. सुजीत तिचा बाप, मूळचा वर्ध्याकडचा. सलमाबादच्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये तो फोरमन आहे. मैदानावरच्या खोलीचं दार बसवायला तो आला होता. दार बसेपर्यंत चौदा वर्षांची श्रावस्ती कंटाळून मैदानाकडे बघत राहिली. कुणीतरी मला तिच्या हातात दिलं. तिने पहिलाच फटका मारला तो चेंडूला न लागता हवेत गेला, दुसरा तिच्याच पायावर. तिसरा मात्र असा बसला, की दार बसवणारा सुजीत पेचकस हातात धरून उभाच राहिला.

"बाबा, धिस इज सो कूल!" ती ओरडली.

"कूल-गील राहू दे, पायाले लागलं का ते पाह्य आधी," सुजीत म्हणाला. पण पुढच्या शुक्रवारी तिला घेऊन तोच आला.

दोन वर्षं मी तिची होते. तिच्या तळहाताला माझे घट्टे पडले. उन्हाने मी कोरडी पडू नये म्हणून सुजीत मला जवसाचं तेल पाजायचा. आपल्या गावाकडे जवस किती पिकतो हे तो तेव्हा मला सांगायचा. माझ्याशी इतक्या मायेने कुणी बोललं नव्हतं. मग मागच्या डिसेंबरात दोन काठ्या एकमेकींवर आदळल्या आणि मी कमरेत मोडले.

आमच्यात मोडलेली हर्ली टाकून देत नाहीत. दुसऱ्या मोडक्या हर्लीचा चांगला तुकडा घेऊन जोड घालतात. हा जुना रिवाज आहे. नोरीन मॅडमनी तो सांगितल्यावर सुजीतची कळी खुलली. मैदानावरच्या खोलीत मोडक्या काठ्यांची एक लोखंडी पेटी होती. तो श्रावस्तीला घेऊन पेटी उपसत बसला. अगदी तळाशी पांढऱ्या कापडात गुंडाळून सुतळीने बांधलेला एक तुकडा निघाला.

"हे पाह्य, केवढं जपून ठेवलं कोणी! चांगल्या पटाशीले आपण असंच कापडात ठेवतो. माल चांगला असन," सुजीत म्हणाला.

"बाबा, हूज इज इट?"

"कोणाचं का असेना. या देशात तीन वर्षांच्या वर रायते कोण, विचारायले?"

मित्रांनो, चूक झाली ती इथे. सुताराच्या जगात कापडात बांधतात ते जपण्यासाठी. हा तुकडा बांधला होता तो मैदानाचा राखणदार हमीद याने, आणि त्याने तो पुरल्यासारखा ठेवला होता. हमीद दोन वर्षांपूर्वी व्हिसा संपवून कायमचा गावी गेला. विचारलं असतं तरी सांगायला कुणी नव्हतं.

सुजीतने दोघींना तिरपा काप घेतला, डिंक लावला, शिकंज्यात आवळलं. दुसऱ्या दिवशी शिकंजा सोडला तेव्हा माझ्या आत कुणीतरी अगदी सहज म्हणालं, "मफी मुश्किल." इथल्या अरबीत म्हणजे, काही झालं नाही.

हळूहळू मला सगळं कळत गेलं. नऊ वर्षांपूर्वी याच मैदानावर मोठी माणसं सराव करत होती. साद नावाचा इथलाच एक तरुण नुकताच खेळ शिकला होता. उकाडा होता म्हणून त्याने हेल्मेट काढून ठेवलं. चेंडू डोक्याच्या उंचीवर आला, समोरच्याने काठी फिरवली आणि ती सादच्या कानशिलावर बसली. तो खाली बसला, उठला, हसला. "मफी मुश्किल," म्हणाला आणि स्वतः गाडी चालवत घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही. मारणाऱ्याने ती काठी गुडघ्यावर मोडली आणि आठवड्याच्या आत तो देश सोडून गेला. तिचं टोक आता माझं टोक होतं.

ती दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. तिला तेवढा एकच फटका आठवत होता, आणि आठवण लाकडातून निघता निघत नाही. सुजीतने तेल दिलं की माझ्या अंगात मुरायचं. तिच्या अंगावर ते सकाळपर्यंत घामासारखं परत बाहेर यायचं. "जुनं लाकूड हाय," म्हणत सुजीत ते पुसून टाकायचा. घरी मला दाराशी उभं करत. एका सकाळी श्रावस्तीच्या आईने विचारलं, "काल हिचं तोंड भिंतीकडं होतं ना गं?" श्रावस्तीने खांदे उडवले. खरं तर रात्री तोंड भिंतीकडेच होतं. मी वळले नव्हते, ती वळली होती.

मैदानावर तर मला धडकीच भरायची. चेंडू जमिनीवर असला तरी टोक वर उठायचं, खांद्याच्या वर, आणि तिथेच थांबायचं. "श्रावस्ती, खाली!" नोरीन मॅडम ओरडायच्या. "आय ॲम ट्राइंग, मॅडम!" श्रावस्ती रडकुंडीला यायची. आपलंच काही चुकतंय असं त्या पोरीला वाटत होतं. मी मुठीकडून जीव खाऊन खाली ओढायची आणि आतून तोच हसरा आवाज यायचा.

मागच्या शुक्रवारी हवेत धूळ होती. समुद्राकडची घरं दिसत नव्हती, ऊन तांबडं झालं होतं. फिजा म्हणजे श्रावस्तीची वर्गातली जिवलग मैत्रीण, ती दुसऱ्या बाजूने खेळत होती. तिच्या हेल्मेटचा पट्टा तुटला. हेल्मेट सारखं डोळ्यांवर यायला लागलं म्हणून तिने ते काढून रेषेबाहेर फेकलं. नोरीन मॅडमची तेव्हा पाठ होती. चेंडू उंच उडाला आणि दोघी एकदमच धावल्या.

श्रावस्तीने काठी फिरवली. धुळीमुळे तिला फक्त चेंडू दिसत होता. मला फिजाचं कानशील दिसत होतं, घामाने चिकटलेल्या बटेसकट. आणि टोकाला तर दुसरं काही दिसतच नव्हतं. आयुष्यात मी इतकी घाबरले नाही.

मला हात नाहीत, आवाज नाही. माझ्याजवळ एकच गोष्ट होती, सुजीतने घातलेला जोड. मी अंगातली एकेक रेष सैल केली आणि तिला जाऊ दिलं. ती फिजाच्या केसांवरून सणसणत गेली आणि दूर वाळूत पडली. श्रावस्तीच्या हातात मी अर्धीच उरले.

फिजाने डोक्यावरून हात फिरवला आणि हसली. "मफी मुश्किल!" ती म्हणाली.

मित्रांनो, तो शनिवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळेतून आल्यावर श्रावस्ती आईला सांगत होती, की फिजाने आज माझ्या डब्यातल्या सगळ्या चकल्या खाल्ल्या. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पण सुजीतचा जीव थाऱ्यावर नाही. फिजाला काही झालं असतं तर, या विचाराने त्याला अन्न गोड लागत नाही. वाळूतून टोक त्याने शोधून आणलं आणि आता तो रोज जोड उजेडात धरतो. डिंक तडकलेला नाही, लाकडाचा तंतूही फाटलेला नाही. जोडलेले हात वेगळे करावेत तसा जोड उघडला आहे.

"बावीस वर्षं झाली," तो काल श्रावस्तीला म्हणाला. "माह्या हातचा एक जोड उघडला नाही. आन् उघडला तर पोरीच्या डोक्यावर?"

"बाबा, इट्स ओके. नोरीन मॅडम नवीन मागवतायत."

"नवीन कायले? मी हेच पक्कं करतो. या खेपेले बोल्ट घालतो, आरपार. मग पायतो कसं उघडते!"

काल त्याने माझ्या अंगाला दोन भोकं पाडली, टोकालाही दोन. पितळी बोल्ट वर्कशॉपच्या टेबलावर मांडून ठेवले आहेत, उद्या सकाळी ते बसवायचे आहेत. शुक्रवारी बाहेरचा संघ खेळायला येणार आहे आणि श्रावस्ती सगळ्यांच्या पुढे खेळणार आहे. एका मायाळू माणसाच्या हातून हे व्हावं, याचंच मला फार वाईट वाटतं.

म्हणून ही विनवणी. मैदानावर हेल्मेट काढू नका, कितीही उकडलं तरी. कापडात बांधलेली वस्तू सापडली तर ती कुणाची, हे आधी विचारा. सांगणारा सापडला नाही तर तशीच बांधून ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणाचे काका, मामा सलमाबादला कामाला असतील तर त्यांना सुजीतकडे धाडा. निळ्या शटरचं वर्कशॉप आहे, बाहेर दारांच्या चौकटी रचलेल्या असतात. त्याला म्हणावं, बाबा रे, तुझा जोड उघडला नव्हता, तो मी सोडला होता. बोल्ट घातलेस तर मला सोडता येणार नाही.

तो सकाळी सातला कामाला लागतो. त्याच्या आधी पोचा.