आबांच्या पिंडाला शिवलेला कावळा

आबांच्या दहाव्याला कावळा शिवला. पण शिवला नाही असंच धरून चाला. हवालदारानं तसं धरायला सांगितलंय.

आबा म्हणजे माझे वडील, उखा चिंधा. कतारगामला कापडाच्या लूमवर बारा तासांची पाळी करून कोसाडला परतताना गणपतच्या अड्ड्यावर दारूचं एक पाउच तोंडाला लावायचे. शहाण्णवच्या मे महिन्यात असंच लावलं. सकाळी त्यांना दिसेनासं झालं, दुपारी तेच उरले नाहीत. त्याच मालानं आणखी तिघे गेले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं दाखल्यावर लिहिलं, 'हृदय बंद पडून'. माझी माय, शोभाबाई, त्याला म्हणाली, "दारू लिखो ना साहेब. अड्डा तरी बंद होई."

"बेन, गुजरातमां दारूबंदी छे. जे वस्तु छेज नहीं, एनाथी माणस केम मरे?"

मला पटलं. हृदय तर चौघांचंही बंदच होतं.

दारूनं कुणी मेलंच नाही म्हटल्यावर अड्ड्यावर धाड कोण घालणार? पाचव्या दिवशी गणपत पुन्हा बसला, उरलेला माल घेऊन.

दहाव्याला तापीकाठी पिंड ठेवला. कावळा समोर येऊन बसला, पण हलेना. मी हात जोडले, "आबा, वर्षाचं लग्न मी लावून देतो." कावळ्यानं मान फिरवली. माझ्या बहिणीचं लग्न आबांनी जिवंतपणीही मनावर घेतलं नव्हतं. मग विडी ठेवली, जिलेबी ठेवली. दोन तास ऊन खाल्लं. भाऊबंद पाळी चुकेल म्हणून घड्याळं बघायला लागले.

लक्ष्मणकाका पुटपुटले, "त्याले काय लागस ते समदास्ले माहीत शे."

मायनं पदराची गाठ सोडून पैसे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाली, "जाय, लई ये. अडकेल माणूस कसा ठेवू मी?"

मी सायकल हाणली. गणपत म्हणाला, "तुझ्या आबांचं नेहमीचंच देतो."

पिंडावर धार धरली. कावळा झेपावला. एक घास, दोन घास. सगळ्यांनी हात जोडले, माय दहा दिवसांत पहिल्यांदा रडली. तेवढ्यात कावळा गोल फिरला, दगडावर आपटला आणि पडला तो पडलाच.

गर्दी बघून हवालदार आला. पिंड हुंगला.

"आ केम मर्यो?"

"दारूनं, साहेब."

"दारू क्यां छे?" त्यानं रिकामं पाउच बुटानं नदीत लोटलं. "कागडो अहीं आव्योज नथी. घेर जाओ." म्हणजे कावळा इथं आलाच नव्हता.

माय पडलेल्या कावळ्याकडे बघत होती. "योगराज, आते याना दहावा कोन करी?"

तरी मेहेरबान कलेक्टर साहेबांस या अर्जानं विनंती की, सदर कावळा मीठ लावून डब्यात ठेवला आहे. त्याला हृदयाचा आजार नव्हता. त्याची तपासणी करून मृत्यूचं खरं कारण लेखी द्यावं, आणि तेच कारण, खाडाखोड न करता, माझ्या वडिलांच्या दाखल्यावर उतरवावं. अड्डा चालू आहे, म्हणून जरा लवकर व्हावं.