पाणी घालणारा हात

मृतांना अखेरचे स्नान घालणे, हीच त्या वृद्धाची आयुष्यभराची उपासना. तो देहावरून हात फिरवी आणि त्याचा मुलगा तांब्याने कोमट पाणी घाली. अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस पालटायला मुलगा रात्र रात्र जागे, तेव्हा बाप म्हणे, "बेटा, झोपेशी, कंटाळ्याशी झुंजतोस ना, हाच तुझा जिहाद."

आई गेली आणि पोर नव्या सोबत्यांच्या नादी लागले. "तो म्हाताऱ्यांचा जिहाद," सोबती हसून म्हणाले, "आपला बंदुकीचा." पुढे मुलाने घरच सोडले.

आणि आज सकाळी त्याने भर बाजारात गोळ्या झाडल्या. पहारेकऱ्यांनी त्याला तिथेच लोळवले.

दुपारी स्नानाच्या फळीवर प्रथम आला तो बाजारातला शिंपी, वृद्धाचा जिवलग मित्र. "शेवटी मी तुझ्याच हाती सापडणार, लेका! त्याआधी एक सदरा तरी शिवून घे," असे तो नेहमी चिडवी. वृद्धाने त्याला एकट्यानेच न्हाऊ घातले. छातीवरच्या जखमेपाशी त्याचा हात फार वेळ थबकला.

संध्याकाळी त्याच फळीवर मुलगा आला. मागोमाग त्याचे दोन सोबती.

"चाचा, पाणी घालू नका. शहीद आहे तो. रक्ताच्या कपड्यांतच पुरायचं, तुम्हाला का सांगायला हवं?"

धर्मरणात पडलेल्याला स्नान नसते, हे खरेच होते. क्षणभर बापाचे मन लोभावले. हात आवरला की झाले. मुलगा लोकांच्या तोंडी शहीद होऊन राहील. तेवढ्यात फळीच्या फटीत अडकलेला निळा दोरा त्याला दिसला. शिंप्याच्या सदऱ्याचा.

"शिंपी कुठल्या रणात उभा होता रे?" त्याने विचारले. "सदऱ्याला काजं करत बसला होता तो. निःशस्त्रावर हात टाकू नये, हेही धर्मानंच सांगितलंय. ते नाही वाटतं शिकवलंत?"

"म्हणजे स्वतःच्या पोराला पापी ठरवताय?"

"पोर माझं आहे. मळून आलंय. आंघोळ घालतो."

ते धुसफुसत निघून गेले. वृद्धाने पाणी कोमट केले, कापूर विरघळवला, मुलाच्या अंगावरचे कपडे हलकेच उतरवले. मग उजव्या खांद्यावर हात ठेवून तो सवयीने म्हणाला, "घाल रे."

आणि वाट पाहत राहिला.

बऱ्याच वेळाने त्याने स्वतःच तांब्या उचलला.